चार ओळींची टोळी: ऑर्कांच्या चालीरीतींचा अर्थ कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या कथाखेळाच्या एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या कथेत, डोंगरात राहणारी तीनशे ऑर्कांची टोळी आहे. ऑर्क हा या खेळातला एक दणकट काल्पनिक वंश. गेम मास्टरच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्याच्या, हाती तिच्या चालीरीतींच्या चारच ओळी आहेत. मेलेल्याचं नाव एक हिवाळा उलटेपर्यंत घ्यायचं नाही. शेकोटीवरचा घास खाल्लेल्या पाहुण्यावर तीन रात्री हात उगारायचा नाही. खुनाची भरपाई रक्ताने नाहीतर जनावरांनी करायची. कोणीही योद्धा टोळीप्रमुखाला आव्हान देऊ शकतो, आणि जिंकला तर तोच प्रमुख. खेळाडूंपैकी अर्ध्यांना हा सगळा रानटीपणा वाटतो. उरलेल्यांना त्यात पळवाटा दिसतात: घास खाल्ला की तीन रात्री निर्धास्त, प्रमुखाला मारला की तीनशेंची फौज फुकट. मग या ओळींचा अर्थ लावायचा कसा?

या चार ओळी सुट्या वाचल्या की त्या विचित्र सवयींची यादी होतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. टोळीत ना पोलीस, ना न्यायालय, ना तुरुंग. तरीही तीनशे सशस्त्र माणसं एकाच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना न संपवता राहतात. हे कशामुळे जमतं, याचं उत्तर म्हणजे त्यांच्या चालीरीती. प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारा. ही चाल नसती तर काय बिघडलं असतं? ती मोडली तर कोण धावून येतं? ती पाळण्याची किंमत कोण मोजतं? आणि टोळीतल्या कोणाला ती नकोशी झाली आहे? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि मग तीनशे ऑर्क एकाच तोंडाने बोलायला लागतात.

सुरुवात खुनाच्या भरपाईपासून करा, कारण बाकीच्या तिन्ही ओळी तिच्यावर टेकलेल्या आहेत. इथे आकडे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. समजा तीनशे माणसांची पाच कुळं आहेत, म्हणजे एका कुळात साठ माणसं, साधारण दहा घरं. एका घराकडे बारा जनावरं धरली तर कुळाकडे एकशेवीस. आता खुनाची भरपाई किती? बारापेक्षा कमी ठेवली तर खुनी आपल्या एकट्याच्या गोठ्यातून ती देऊन मोकळा होईल आणि पुन्हा खून करायला मोकळा राहील. शंभर ठेवली तर कोणीच देणार नाही, सूडच परवडेल. तीस ठेवा. एका घराला ते झेपत नाही, म्हणून सगळं कूळ वर्गणी काढतं. ज्याच्या गोठ्यातून तीन जनावरं गेली तो भाऊ खुन्याला पुढची दहा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. टोळीत वचक बसतो तो या भावकीमुळे, प्रमुखाला फक्त त्याचं श्रेय मिळतं.

हे हवेतलं नाही. दक्षिण सुदानमधल्या नुएर या गुरं पाळणाऱ्या लोकांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३०च्या दशकात केला. तिथे खुनाची भरपाई चाळीसच्या आसपास गुरांची असे आणि ती वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने दिली जाई. मध्यस्थी करणारा माणूस बिबळ्याचं कातडं पांघरे. खुनी त्याच्या आवारात आश्रय घेई, पण या मध्यस्थाला कोणाला हुकूम सोडायचा अधिकार नव्हता. तो समजावू शकत होता, अडवून धरू शकत होता, बस. त्याहून महत्त्वाचा तपशील पुढे आहे. भरपाईत आलेल्या गुरांतून देज देऊन मेलेल्याच्या नावाने बायको करून आणत, आणि तिची मुलं त्या मेलेल्याची मानली जात. थोडक्यात, जनावरं ही दंडाची रक्कम नव्हती. तुटलेला वंश पुन्हा जोडण्याचं ते साधन होतं.

हा धागा हाती आला की टेबलावरची एक नेहमीची अडचण आपोआप सुटते. पार्टीकडून, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाकडून, चुकून एक ऑर्क मारला जातो आणि कोणीतरी पाचशे सोन्याची नाणी पुढे करतं. गेम मास्टर अडखळतो, कारण ती रक्कम भरपूर दिसते. पण सोन्याला वासरू होत नाही, डोंगरात त्याच्या बदल्यात कोणी मुलगी देत नाही. मेलेल्याचा भाऊ नाणी बघतो, मोजत नाही, आणि विचारतो, "यातलं दूध कोणतं देतं?" आता पार्टीला कुठूनतरी तीस जनावरं विकत घ्यावी लागतील, ती खिंडीतून हाकत आणावी लागतील, वाटेत लांडगे आहेत. दोन सेशनचं, म्हणजे खेळाच्या दोन बैठकींचं, काम तयार झालं, आणि ते नियमातूनच निघालं.

नावाची ओळ आता निराळी दिसेल. मेलेल्याचं नाव न घेण्याची चाल ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत आहे. मध्य ऑस्ट्रेलियात मृताच्या नावाचाच दुसरा कोणी असेल तर त्याला 'कुमनजायी' या पर्यायी नावाने हाक मारतात. म्हणजे अशी चाल दैनंदिन बोलण्यात शिरते, फक्त तिरडीपुरती राहत नाही. तुमच्या टोळीत या चालीचं काम काय, ते तुम्ही ठरवायचं. मी ती भरपाईला जोडेन. हिवाळा उलटेपर्यंतचा काळ हा वाटाघाटींचा काळ. नाव घेतलं की रक्त उसळतं, म्हणून नाव झाकून ठेवलेलं. वसंतात शेवटचं जनावर दावणीला बांधलं की म्हातारी बाई पहिल्यांदा मोठ्याने नाव घेते आणि ते पुढच्या बाळाला देता येतं. भरपाई थकली तर नाव परत येत नाही, आणि ज्या कुळामुळे एखादं नाव अडकून पडलं आहे त्या कुळाला सोयरीक मिळणं कठीण.

खेळात हे उतरवायचा सोपा मार्ग असा. पार्टी एका ऑर्कासाठी निरोप घेऊन येते. त्याचं नाव ग्राथ. तो दोन महिन्यांपूर्वी मेला आहे. पार्टी वस्तीत शिरते आणि तिच्यातला एक जण मोठ्याने विचारतो, "ग्राथ कुठे राहतो?" इथे गेम मास्टरने काहीही समजावून सांगू नये. फक्त वर्णन करावं: कातडं ताणणाऱ्या बाईचे हात थांबले. एका मुलाने दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. कोणीतरी म्हणालं, "असा कोणी इथे नाही." खेळाडू लगेच इनसाइटचा रोल मागतील, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्यासाठी फासा टाकतील, खोटं बोलताहेत का बघू म्हणून. डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, १० पार केला तर सांगा, हे लोक फसवत नाहीत, शरमले आहेत. १५ पार केला तर सांगा, सगळ्यांची नजर एकाच बंद तंबूकडे गेली. २० पार केला तर त्या तंबूबाहेर उलटा टांगलेला घोंगडा दिसतो आणि तसलाच घोंगडा दुसऱ्या कुळाच्या एका दारावरही आहे, म्हणजे हे मरण नैसर्गिक नव्हतं. नियमाचं पुस्तक कोणी उघडलं नाही, तरी नियम कळला.

पाहुण्याच्या ओळीत पळवाट दिसते, कारण ती ओळ फक्त अर्धा करार सांगते. अर्धा यजमानाचा, अर्धा पाहुण्याचा. उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ भागातला 'कानून' हा रूढींचा संग्रह या बाबतीत फार शिकवतो. पाहुण्याला कोणी मारलं तर त्याचा सूड घेण्याची जबाबदारी यजमानावर येते. त्याच रूढीत, चुलीवरच्या भांड्याचं झाकण परक्याने उचललं तर घरमालकाची अब्रू गेली असं मानतात. तीन रात्रींच्या हिशेबालाही अर्थ आहे. अरबी वाळवंटातल्या बेदूंमध्ये तीन दिवस आणि आणखी एक तृतीयांश दिवस संरक्षण असतं असं सांगतात, कारण तितका वेळ यजमानाचं मीठ-भाकर पाहुण्याच्या पोटात असते. शरीराला धरून मोजलेली मुदत लोकांच्या लक्षात राहते आणि तिच्यावर वादही कमी होतात.

तेव्हा तुमच्या टोळीसाठी पक्कं करा. संरक्षण कोण देतं? टोळी नाही, ज्याच्या शेकोटीवर खाल्लं ते घर, आणि गरज पडली तर त्याचं कूळ. म्हणजे एका कुळाचा पाहुणा दुसऱ्या कुळाच्या वैऱ्यापुढे पूर्ण सुरक्षित नसतो. वैरी त्याला मारू शकतो, पण मग त्याला दोन भरपाया द्याव्या लागतात, एक मेलेल्याची आणि एक मोडलेल्या शेकोटीची. मुदत कधीपासून? पहिला घास गिळल्यापासून. घास फक्त तोंडात धरला तर मोजणी सुरूच होत नाही. पाहुण्याने काय करायचं नाही? हत्यार शेकोटीच्या उजेडात काढायचं नाही, भांड्याचं झाकण स्वतः उचलायचं नाही, आणि त्या तीन रात्रींत त्या घराच्या वैऱ्याच्या शेकोटीवर खायचं नाही.

हा प्रसंग जवळून खेळवण्यासारखा आहे. हुशार खेळाडू म्हणतो, "मी एक घास खातो आणि उरलेलं मांस झोळीत टाकतो, उद्यासाठी." म्हातारी भांड्यावर हात आडवा ठेवते. काही बोलत नाही. तिचा नातू पाहुण्याच्या झोळीकडे बघतो, मग आजीकडे. या घरात हिवाळ्याच्या शेवटी इतकंच मांस आहे आणि सगळ्यात मोठा तुकडा पाहुण्याला दिला गेला आहे. पाहुणचाराची किंमत कोण मोजतं, हा तिसरा प्रश्न इथे उत्तरासकट समोर बसलेला असतो. चार जणांची पार्टी तीन रात्री राहिली तर माणशी दिवसाला दोन जेवणं धरून चोवीस जेवणं झाली. सहा माणसांच्या घराचा तो दोन दिवसांचा साठा. पार्टीने जाताना शिकार आणून दिली नाही तर कोणी हटकणार नाही, पण पुढच्या वेळी त्यांच्यासाठी शेकोटी पेटायला उशीर होईल.

आता आव्हान. या ओळीचा शब्दशः अर्थ लावला की टोळी गणितातच मरते. टोळीत साठ लढवय्ये आहेत असं धरा. दर वर्षी दहातल्या एकाने जरी आव्हान दिलं तरी सहा लढती होतात. प्रमुख इतका तगडा की पाचातल्या चार लढती जिंकतो, तरी वर्षाच्या सहाही लढती पार करण्याची त्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास राहते. दर वर्षी प्रमुख बदलणारी आणि सहा चांगले लढवय्ये गमावणारी टोळी शेजाऱ्यांपुढे पाच वर्षंही टिकणार नाही. ती टिकली आहे, म्हणजे त्या ओळीभोवती कुंपण आहे. चार ओळींत ते लिहिलेलं नाही इतकंच.

कुंपण कसं असतं ते नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या 'होल्मगांग' नावाच्या द्वंद्वात दिसतं. एका सागेत, म्हणजे आइसलंडच्या जुन्या गद्यकथेत, त्याचे नियम दिले आहेत. जमिनीवर पाच हात लांब-रुंद कापड अंथरायचं, प्रत्येकाला तीन ढाली, त्या फुटल्या की नुसत्या हत्याराने लढायचं, कापडावर रक्त सांडलं की लढत थांबवता येते, आणि हरणाऱ्याने तीन मार्क चांदी देऊन सुटका करून घ्यायची. तरीही हा प्रकार बिघडला. लढाईतच तरबेज असलेले दांडगे लोक शेतकऱ्यांना आव्हान देऊन त्यांच्या जमिनी आणि बायका बळकावतात, असं चित्र सागांमध्ये वारंवार येतं. आइसलंडमध्ये अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बंद केली गेली. तुमचा बार्बेरियन, म्हणजे रांगड्या लढवय्याचं पात्र, खेळवणारा खेळाडू आज जे करू पाहतो आहे ते त्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि त्यावर उपायही केला होता.

टोळीला तीन दारं द्या. पहिलं, आव्हान देणाऱ्यामागे एक कूळ उभं हवं, त्याच्या ढाली धरायला त्या कुळाचे तीन जण हवेत. हरला तर त्या कुळाची दहा जनावरं जातात, म्हणून कूळ ऐऱ्यागैऱ्यामागे उभं राहत नाही. दुसरं, आव्हान वर्षातून एकदाच, कळप उन्हाळी कुरणांवरून खाली आल्यावर, जेव्हा पाचही कुळं एकत्र असतात. तिसरं, या लढतीतल्या मरणाची भरपाई मागता येत नाही. तिसरं दार नसेल तर प्रत्येक लढतीतून नवं वैर जन्मेल आणि भरपाईची ओळच कोसळेल.

परक्या माणसाला कूळ नाही, म्हणून ढाल धरणारं कोणी नाही. तरी खेळाडूला सरळ नकार देऊ नका. त्याला वाट दाखवा. नुएर कुळं शेजारच्या डिंका लोकांना सर्रास दत्तक घेत आणि ते आपल्याच वंशावळीत मिसळून जात. तसा मार्ग इथेही असू शकतो. भरपाईत अडकलेलं एखादं नाव पार्टीने सोडवलं, जनावरं आणून दिली, तर त्या घरातली आई बार्बेरियनला मुलगा म्हणवून घेऊ शकते. मग तो आव्हान देऊ शकतो. पण आता तो ज्याच्याशी लढणार तो त्याच्या नव्या मामेभावाचा सासरा आहे, आणि ढाली धरणाऱ्यांपैकी एकाची बहीण प्रमुखाच्या घरात दिलेली आहे. तीन सेशनपूर्वी फुकटात मिळणारी फौज वाटत होती, तिच्यात आता स्वतःची माणसं आहेत.

आणि तो जिंकला तर? तर त्याच्या पदरात आधी पडतात ती प्रमुखाची देणी. मेलेल्या प्रमुखाने कबूल केलेली दोन देजं, एक अर्धवट भरपाई, तीन विधवांचा हिवाळा. नवा प्रमुख म्हणतो, "चला, किल्ल्यावर चाल करायची." पाच कुळं पाच वेगवेगळी उत्तरं देतात, आणि प्रत्येकाचा रोल वेगळा. ज्या कुळाने ढाली धरल्या त्याच्यासाठी डीसी १०, तटस्थ कुळांसाठी १५, मेलेल्या प्रमुखाच्या कुळासाठी २०. जे कूळ येत नाही त्याने बंड केलेलं नसतं. त्याला एवढंच कळलेलं असतं की गुरं राखायलाही कोणीतरी लागतं.

चौथ्या प्रश्नाकडे वळतो, कारण टोळी जिवंत होते ती तिथे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले. एकाच कुळातल्या मुलामुलीचे संबंध तिथे अत्यंत निषिद्ध. विचारलं तर प्रत्येक जण शहारून सांगे. पण एका तरुणाचे तसे संबंध असल्याचं बऱ्याच लोकांना माहीत होतं आणि ते गप्प होते. एका वैऱ्याने चारचौघांत त्याचा उद्धार केला, तेव्हा मात्र त्याने माडावर चढून खाली उडी घेतली. नियमभंगाची माहिती असणं आणि त्याची जाहीर वाच्यता होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम मास्टरला यातून फार मोठं हत्यार मिळतं. तुमच्या टोळीतही चाली मोडल्या जातात, रात्री, कुजबुजत. एक विधवा तंबूत एकटी असताना नवऱ्याचं नाव घेते आणि शेजारीण ऐकून न ऐकल्यासारखं करते. पार्टीला हे कळलं आणि कोणी फुशारकीने शेकोटीवर बोलून दाखवलं, तर शिक्षा विधवेला होईल, पण दोष बोलणाऱ्याचा मानला जाईल.

किमान तीन ऑर्क असे लिहून ठेवा. एक चाल मानणारा, एक तिचा फायदा घेणारा, एक तिच्यामुळे होरपळणारा. प्रत्येकाला एकच वाक्य पुरे. फायदा घेणारा म्हणतो, "हिवाळा अजून संपला नाही, बर्फ बघ की." त्याला भरपाई द्यायची आहे, म्हणून त्याच्या लेखी हिवाळा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालतो.

वंशाबद्दलही स्पष्ट राहा. हा खेळ १९७४ साली आला, आणि पुढे बराच काळ ऑर्क जन्मतःच दुष्ट धरले गेले. त्यामुळे त्यांच्या चालीरीती लिहायची गरज फारशी कोणाला वाटत नसे. २०२४च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला आणि ऑर्क मूळ खेळाडू-पर्यायांत आले. टेबलावर याचा अर्थ इतकाच की चाल टोळीची असते, रक्ताची नसते. शहरात वाढलेला ऑर्क खेळाडू भांड्याचं झाकण उचलेल आणि वस्तीतले लोक त्याच्यावर माणसापेक्षा जास्त चिडतील, कारण त्याने तरी समजून असायला हवं होतं. त्याला हिस्ट्रीच्या, म्हणजे इतिहास माहीत आहे का ते बघण्याच्या, रोलवर आपोआप फायदा देऊ नका. दुसऱ्या बाजूने, एखाद्या खऱ्या समाजाचे कपडे, पिसं, भाषा उचलून ऑर्कांवर चढवू नका. चालीमागचा हिशेब घ्या, पेहराव नको. हिशेब कोणत्याही डोंगरात चालतो, आणि वर दिलेली उदाहरणं एकमेकांपासून हजारो मैल दूरची आहेत ती म्हणूनच.

राहिली शिक्षा. सगळ्यात जास्त खेळ इथे बिघडतात. खेळाडूला माहीत नसलेला नियम मोडल्याबद्दल भाले निघाले की तो चालीरीतींकडे कायमचा सुरुंग म्हणून बघतो. क्रम असा ठेवा: आधी ती चाल दुसऱ्या कोणावर लागू होताना दिसू द्या, मग पार्टीच्या चुकीवर कोणीतरी नुसतं थबकू द्या, मग एखाद्या मुलाला तोंडावर सांगू द्या, आणि चौथ्या वेळी किंमत लावा. किंमतही ठार मारण्याची नको. आइसलंडच्या जुन्या कायद्यात सौम्य शिक्षा तीन वर्षांच्या हद्दपारीची होती, आणि पूर्ण बहिष्कृत झालेल्याला कोणीही मारू शकत असे. टोळीसाठी तसेच दोन स्तर करा. पहिल्यात पार्टीला शेकोटी मिळत नाही, पाणी मिळतं. दुसऱ्यात यजमान सकाळी हत्यारं परत देतो, घरातला गुराखी मुलगा त्यांना सीमेच्या दगडापर्यंत सोडायला येतो, आणि तिथे उभा राहून मोठ्याने सांगतो की तिसरी रात्र कालच संपली. मागे कड्यावर दुसऱ्या कुळाचे चार जण उभे असतात. ते खाली उतरायची घाई करत नाहीत.